गार्ड एकटा असतो तेव्हा

११ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना लाइनची तक्रार आली की आधी नोंद, मग दुरुस्ती, असा माझा नियम होता. हाताखालच्या मुली कुरकुरायच्या. पण नोंद असली की बिघाड पुन्हा पुन्हा कुठे येतो ते सापडतं. हा बिघाड कुत्र्याचा आहे, एवढाच फरक.

सकाळी फिजिओथेरपीला गेले होते. उजवा खांदा ऑगस्टपासून धरला आहे, हात डोक्याच्या वर जात नाही. परत आले तर खालच्या मजल्यावरची दिपा जिन्यात बसलेली. नाइट ड्यूटी करून आलेली, अंगावर अजून हॉस्पिटलचाच ड्रेस.

"आंटी, तुम्ही गेल्यापासून तो रडतोय. भुंकत नाहीये, रडतोय. मी आयसीयूमधून येते हो. मला झोप पाहिजे."

वर आले. दाराची आतली बाजू ओरबाडून खाली लाकडाचा भुसा पडला होता. गार्डचं एक नख तुटून रक्त येत होतं. अंगावर उड्या मारत होता, थरथरत होता. मी त्याला भुशापाशी नेलं, बोट रोखून विचारलं, हे काय आहे? त्याने कान पाडले आणि तोंड फिरवलं. म्हणजे आपण चूक केली हे त्याला पक्कं कळतं. कळूनही करतो, याला मी हट्ट म्हणते.

माझा हात चाटला. साबणाने धुतला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गार्ड हे नाव माझ्या नवऱ्याने, निसीमने ठेवलेलं. आयुष्यभर रेल्वेच्या गुड्स ऑफिसात नोकरी, त्यामुळे मालगाडीच्या शेवटच्या डब्यातला गार्ड. यार्डातून हे तपकिरी पिल्लू त्याच्या मागे मागे पनवेलच्या खांदा कॉलनीत, आमच्या दारापर्यंत आलं होतं. मी त्याच दिवशी म्हटलं होतं, कुत्रा नको. आता ऑगस्टमध्ये निसीम गेला आणि कुत्रा राहिला.

आज त्याला शिस्त लावायला सुरुवात. जेवण वेळेवर, फिरणं वेळेवर, सोफ्यावर चढणं बंद. दाराजवळची निसीमची वेताची खुर्ची आहे, तिच्याखाली झोपतो, तेवढं राहू दिलं. तिथे दुसरं कुणी बसत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावले, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो. ताटं दोन घेतली गेली. एक परत ठेवलं. सवय, दुसरं काही नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. जायलाच हवं होतं, एकही मतदान चुकवलेलं नाही. दार खराब होऊ नये म्हणून गार्डला बाथरूममध्ये कोंडलं. खांदा दुखतो म्हणून मेझुझाला हात लावायचा मात्र सोडलेला नाही. चौकटीवरची ती बोटभर नळी, आत प्रार्थनेची गुंडाळी. बाहेर पडताना तिला बोटं लावायची, मग ती बोटं ओठांना लावायची, हे आजीने लहानपणीच अंगवळणी पाडलं. उजवा हात वर जात नाही तर डाव्याने कोपराला आधार देऊन नेते.

रांग मोठी होती. परत आले तर बादली फुटलेली, नळाची तोटी वाकलेली, साबणदाणीचे तुकडे, आणि फरशीवर लाल पंजे. गार्ड कोपऱ्यात, तोंडातून लाळ गळते आहे, माझ्याकडे बघेना. खालून दिपाच्या दाराचा आवाज आला. ती वर आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

बोटावरची शाई आणि त्याचं रक्त, दोन्ही एकाच बेसिनमध्ये.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कळंबोलीचा प्रितेश म्हणून एक ट्रेनर आहे. काळा टी-शर्ट, शिट्टी, हातात आवळणारी साखळी.

"मॅडम, ये डॉग आपको बॉस समजत नाही. आधी त्याला डॉमिनेट करायचं."

हे मला पटलं. त्याने साखळी घातली, दोन झटके दिले, "सिट" म्हटलं. गार्ड बसला. "स्टे" म्हटलं, हलला नाही. मी दारातून बाहेर जाऊन आले तरी हलला नाही. नजर एका जागी ठेवून बसून होता. इतका शहाणा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मन हलकं झालं. साखळी ठेवून घेतली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गार्डला साखळी घालून फिजिओथेरपीला गेले. परत आले तेव्हा जिन्यात चार माणसं. वरून येणारा आवाज मला रस्त्यावरूनच ऐकू आला होता, पण तो आपल्या घरातून येतोय हे कळायला वेळ लागला. माणसाचा वाटत होता.

माणसं पांगली. दिपा राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून रडायला लागली.

"काल पेशंटला सलाईन लावताना मला पेंग आली, आंटी. चुकीची बाटली हातात होती. सिस्टरने बघितलं म्हणून. कुणाला सांगू नका. मी कुत्र्याच्या विरोधात नाहीये. पण उद्या माझ्या हातून कुणी गेलं तर?"

सोसायटीने नोटीस लावली असती तर मी भांडले असते, कुत्रा पाळण्यावर कुणी बंदी घालू शकत नाही हे मला माहीत आहे. पण ही पोर बरोबर आहे. मी तिला शब्द दिला. डिसेंबरअखेर. तोपर्यंत हा सुधारला नाही तर इथून जाईल.

तिचा मावसभाऊ कुंदन, नेऱ्याला त्याची पोल्ट्री आहे. संध्याकाळीच मोटरसायकलवर येऊन बघून गेला.

"कोंबड्यांवर मुंगूस येतं. कुत्रा पायजेच हाय. साखलीला बांधू, दोन टाइम भात टाकू."

"दिवसभर साखळीलाच?"

"मंग? कुत्र्याला अजून काय लागतं, आंटी?"

व्यवहारी माणूस आहे. त्याला हो म्हटलं. ३१ तारीख.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आवळणारी साखळी काढली. मानेवरचे केस गेले आहेत. प्रितेशला फोन करून सांगितलं की पुन्हा येऊ नकोस.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पनवेल बाजाराजवळच्या डॉक्टर माधुरींकडे नेलं. माझ्या मुलीच्या, तालीच्या वयाची बाई, प्राण्यांची डॉक्टर. मी सगळं सांगितलं, वहीतून वाचून दाखवलं. ती खाली फरशीवर बसली, गार्डकडे न बघता. तो आपणहून तिच्याजवळ गेला.

"हा हट्ट नाहीये, आंटी. ही भीती आहे. एकटं राहिलं की याला वाटतं आपण मरतो. घामाघूम होऊन तुम्ही दार वाजवत असताना कुणी तुम्हाला शिस्त लावली तर?"

"पण चूक केल्यावर मान खाली घालतो."

"तुमचा आवाज चढला म्हणून. भुशाचा आणि त्याचा काही संबंध त्याला माहीत नाही."

मग तिने विचारलं, "फिरवायला नेता का?"

"रोज, दोनदा. रेंगाळू देत नाही."

"वास घेऊ देता?"

"फिरायला नेते, वास घ्यायला नाही."

ती हसली. "म्हणजे त्याला बाजारात न्यायचं आणि डोळ्यांवर पट्टी बांधायची. आंटी, कुत्र्याचं निम्मं डोकं नाकात असतं. त्याला काम द्या. खाणं वाटीत देऊ नका, टॉवेलमध्ये गुंडाळा, खोक्यात लपवा, शोधू द्या. चघळायला द्या. डोकं दमलं की भीती जरा उतरते."

गोळ्याही दिल्या, पण परिणाम दिसायला आठवडे लागतील म्हणाली. माझ्याकडे तेवढे आठवडे नाहीत हे मी सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, तुम्ही निघणार हे त्याला कशावरून तरी कळत असेल. चावी, चप्पल, पर्स. ते शोधा. मग ती गोष्ट करायची आणि जायचंच नाही. होता होता त्या खुणेतली भीती निघून जाते.

हे मला समजलं. हे लाइन तपासण्यासारखं आहे.

१ डिसेंबर, रविवार

दोरी सैल सोडली. जा बाबा, घे वास.

तासभर घेतला. एका खांबापाशी इतका वेळ की येणारे जाणारे माझ्याकडे बघू लागले. मग मला ओढत निघाला, रस्ता त्याला पाठ होता, मला नव्हता. स्टेशनच्या बाजूला मोकळ्या जागेवर एक चहाची टपरी आहे, तिथे थांबला. टपरीवाला म्हातारा, दादू नाव.

"अरं गार्ड्या, किती दिसांनी. सायब कुठं हायत?"

मी म्हटलं, "बाहेरगावी गेलेत."

"लेकीकडं? बरं हाय. सायब हितं बसून खारीचे तुकडे दडवायचे, दगडाखाली, बाकड्याखाली, न हा हुडकायचा. लई मजा. आले की सांगा, दादू इचारत होता."

गार्डला दादूने खारी टाकली. ती न खाता तो बाकड्यावर चढला आणि स्टेशनच्या रस्त्याकडे बघत बसला. मी हाक मारली तरी उतरेना.

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. परक्या माणसाला लांबण लावून कशाला सांगायचं, एवढंच.

४ डिसेंबर, बुधवार

चाव्या वाजवून खाली बसले. चप्पल घालून भांडी घासली. पर्स खांद्याला अडकवून बातम्या बघितल्या. दिवसभर हाच उद्योग. गार्ड खुर्चीखाली पडून बघत राहिला. वॉचमन सुदाम पाण्याचं बिल द्यायला आला, मला चप्पल-पर्ससकट सोफ्यावर बसलेली बघून म्हणाला, "आंटी, गाडी चुकली काय?"

संध्याकाळी भाजी आणायला खरंच गेले, आणि कोपऱ्यावरूनच परत फिरावं लागलं. ऐकू येत होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

निसीमचा जुना मोबाइल टीव्हीशेजारी उभा करून, चित्रण चालू ठेवून गेले. लवकर परत आले. आत्ता पाहिलं.

चप्पल घातली, गार्ड पडून. चाव्या उचलल्या, एक कान हलला. पर्स घेतली, जांभई दिली. मग मी दारापाशी गेले, डाव्या हाताने उजवा कोपर उचलला आणि बोटं मेझुझाकडे नेली. गार्ड उठून उभा राहिला. शेपूट पोटाखाली. सगळं अंग थरथरायला लागलं. मी पाठमोरी होते. बोटं ओठांना लावून मी बाहेर गेले, आणि दार लागल्याबरोबर तो दारावर तुटून पडला.

मला यातलं कधीच काही दिसलं नव्हतं. मागून मी इतकी वाकलेली दिसते हेही माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं निसीमला खुर्चीत बसवून नेत होती. दारात त्याने त्यांना थांबवलं. हात वर जाईना. मी त्याचा हात धरून वर नेला, नळीला टेकवला, त्याच्या ओठांना लावला. जड होता हात. गार्ड पायात घुटमळत होता. कुणीतरी त्याला पायाने आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

एवढीच नोंद.

६ डिसेंबर, शुक्रवार

बिघाड सापडला म्हणजे तार तोडायची. आज मेझुझाला हात न लावता निघाले. गार्ड खोक्यातली खारी शोधत होता तेवढ्यात, मांजरासारखी. परत आले तर शांत. दिपाचं दार बंद, तिचा पडदा ओढलेला. जिन्यात उभ्या उभ्या मला हसू आलं, किती दिवसांनी.

हात न लावता घराबाहेर पडण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. रस्ताभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

१० डिसेंबर, मंगळवार

सगळं फिसकटलं.

दोन दिवस निभावलं. आता गार्ड मला नजरेआड होऊ देत नाही. मी न सांगता नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलं. स्वयंपाकघरात पायात, बाथरूमच्या दाराबाहेर रडणं, मी कूस बदलली तरी उठून उभा राहतो. खोक्यातलं खाणं तसंच पडलेलं. पूर्वी निदान मेझुझापर्यंत त्याला चैन होती, ती मी घालवली. आज कचरा टाकायला खाली गेले तेवढ्यात चौकटीचं लाकूड दातांनी सोललं. मेझुझाच्या खालीच.

दिपा जिन्यात भेटली. डोळ्यांखाली काळं. मीच म्हटलं, "३१ तारीख लक्षात आहे."

"हो आंटी," म्हणाली आणि आपली चप्पल बघत राहिली.

कुंदनचा फोन आला. साखळी घेतली म्हणाला, चांगली जाड.

११ डिसेंबर, बुधवार

तालीचा फोन. ती इस्रायलमध्ये, अश्दोदला असते. तिला सगळं सांगितलं, म्हणजे कुत्र्याचं. ती एकदम म्हणाली, "पप्पा घरी आले की बाहेरून मेझुझाला हात लावायचे आणि मग तीच बोटं खाली करून गार्डला हुंगायला द्यायचे. तुला माहितीये ना?"

मला माहीत नव्हतं. त्या वेळी मी स्वयंपाकघरात असायची. मला एवढंच आठवतं की मी आतून ओरडायची, कुत्र्याला हात लावला असशील, आधी धू.

"आई, तू आत येताना लावतेस का हात?"

"दोन्ही हातांत पिशव्या असतात. आणि तो आत आरडाओरडा करत असतो."

"ऑगस्टपासून एकदाही नाही?"

"खांदा दुखतो," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आई, तू इकडे ये." मी म्हटलं, गार्डचं काय? म्हणाली, "तो तर जाणारच आहे ना, ३१ला?" मी दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. दूध नव्हतं गॅसवर.

१२ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर माधुरी म्हणाली, गुपचूप निघून जायचं नाही, त्याने विश्वास उडतो. मेझुझाला हात लावा आणि जाऊ नका. पुन्हा लावा, पुन्हा बसा.

मी तिला स्पष्ट सांगितलं, ती काही दाराची बेल नाही. त्यात देवाचं नाव आहे. कुत्र्याला शिकवण्यासाठी खोटं खोटं हात लावायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. पण खूण तीच आहे."

दुपारभर घरात येरझाऱ्या. गार्डही माझ्यामागे येरझाऱ्या.

१३ डिसेंबर, शुक्रवार

फिजिओथेरपीवाली मुलगी रागावली. हात जखडत चालला आहे, रोज भिंतीवरून बोटं चढवत वर नेत जा, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा.

बरं. भिंतीवर बोटं चढवायची तर चौकटीवर चढवली म्हणून काय बिघडलं. आणि वर पोचल्यावर मेझुझा मध्ये आला तर त्याला हात न लावता खाली यायचं हा अपमान झाला. म्हणून लावला, मनापासून. प्रार्थनाही म्हटली. यात खोटं काही नाही.

गार्ड थरथरत उभा राहिला. मी बाहेर गेले नाही. मागे फिरून बसायचं होतं आणि दाराजवळ निसीमचीच खुर्ची होती. बसले. वेत कुरकुरला. गार्ड कितीतरी वेळ उभाच होता.

१७ डिसेंबर, मंगळवार

हात वर, मेझुझा, ओठ, खुर्ची. पुन्हा. सकाळपासून एवढंच. खांद्यातून कळा. ताली व्हिडिओवर बघत होती, म्हणाली, "आई, इतक्यांदा तर पप्पांनीही नाही लावला."

भाजी दिपाच आणून देते, तिचं सामान आणताना. न मागता. कुत्रा घालवायला निघालेल्या दोघी बायका आणि त्याच्यासाठी गाजरं निवडताहेत.

आज थरथर कमी वाटली. की मला तसं वाटून घ्यायचं आहे?

१९ डिसेंबर, गुरुवार

हात लावून गार्डसमोरच बाहेर गेले, दार लावलं, लगेच उघडलं. मग जरा थांबून. मग आणखी थांबून. स्वतःच्याच बंद दाराबाहेर पिशवी घेऊन उभी. सुदाम जिना झाडत होता.

"आंटी, घरात घेत नाय काय कोण?"

"तुझं तू झाड."

आत हुंदक्यासारखा आवाज सुरू झाला की माझा हात कडीवर जायचा. डॉक्टर म्हणते रडण्याच्या आधी परत यायचं, रडल्यावर नाही. आधी कसं कळणार? दाराला कान लावून उभी राहिले. त्याचा श्वास ऐकू येत होता, अगदी खालून, फटीतून. तोही कान लावून असणार.

२३ डिसेंबर, सोमवार

कुंदन नेमका आजच आला, इकडे काम होतं म्हणून. साखळी दाखवायला. गार्ड खुर्चीखाली गेला आणि तिथेच लघवी केली. याआधी घरात कधी केलेली नाही.

"भेदरट हाय जरा. होईल सवय."

"नाही झाली तर?"

"तर नाय झाली. आंटी, तुमीच बोलवलं ना? आमी आपणहून नाय आलो."

खरं आहे. मी फरशी पुसली. त्यानंतर मेझुझाला हात लावला तर गार्ड पुन्हा पहिल्यासारखा, शेपूट पोटाखाली. एवढ्या दिवसांची मेहनत एका साखळीच्या आवाजात गेली.

मी खुर्चीत बसून त्याला म्हटलं, अरे, मी नाही जात कुठे. मोठ्याने म्हटलं. दिपाला ऐकू गेलं असेल.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दिवे लावले. हनुक्का, आमचा दिव्यांचा सणही चालू आहे, खिडकीत तेही दिवे. ताट एक. दुसऱ्या ताटात गार्डचं, टॉवेलमध्ये गुंडाळून.

पुन्हा शून्यापासून. खालच्या मजल्यापर्यंत जाऊन येते. कधी जमतं, कधी पहिल्याच पायरीवर रडणं. शब्द मोडावा असा विचार आज पहिल्यांदा मनात आला. मग दिपाची ती सलाईनची बाटली डोळ्यांसमोर आली. झोप नाही. भूक नाही. नेऱ्याला जाऊन अधूनमधून बघून येता येईल, असं स्वतःला सांगून पाहिलं. तो साखळीला, मी कुंपणाबाहेर, आणि मग मी निघणार. म्हणजे दर वेळी पुन्हा तेच.

ते मी नाही करू शकणार.

३० डिसेंबर, सोमवार

दिपा वर आली. म्हणाली, "उद्या सकाळी ड्यूटीवरून येऊन मी झोपणार. कानात बोळे घालणार नाही. तुम्ही तुमच्या थेरपीला जा. कुंदन संध्याकाळी येईल. काय ते उद्या कळेल."

गार्डचं अंथरूण, वाटी, औषधं एका पिशवीत भरून ठेवली. पिशवी दाराआड ठेवली, त्याला दिसू नये म्हणून.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दूर फिरवलं. हवा तेवढा वास घेऊ दिला, एका गटाराच्या झाकणापाशी मी पेपर वाचावा तशी उभी राहिले. घरी आल्यावर टॉवेलमध्ये, खोक्यात, खुर्चीच्या पायांशी खारी लपवली. चप्पल, चावी, पर्स. मग त्याच्या समोर, लपूनछपून नाही, हात वर नेला. कोपराला आधार न देता गेला. गार्ड उठला. बघत राहिला. मी ओठांना बोटं लावली आणि दार ओढून घेतलं.

जिना उतरताना काही ऐकू आलं. थांबले नाही.

फिजिओथेरपी झाली. घरी जायचं धैर्य होईना. पाय स्टेशनकडे वळले. दादूच्या बाकड्यावर बसले. त्याने चहा दिला.

"आले का सायब?"

"नाही," मी म्हटलं. "ते ऑगस्टमध्ये गेले. हार्टने. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

दादूने गॅस बारीक केला. "मला तवाच कळलं हुतं, आंटी. गार्ड्यानं खारी नाय खाल्ली."

तिथे बरंच बसले. डोळ्यांत धूर गेला, टपरीवर जातोच. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

इमारतीजवळ आले तर आवाज नाही. जिन्यात आवाज नाही. आमच्या मजल्यावर आवाज नाही. गार्ड इतका गप्प कधीच नसतो. मनात नको नको ते आलं. चावी कुलपात जाईना. मग पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे झाले. बाहेरून मेझुझाला हात लावला. बाहेरची बाजू गुळगुळीत झाली आहे, निसीमच्या बोटांनी. मला कधी दिसलं नव्हतं.

दार उघडलं. चौकटीवर एक नवा ओरखडा. टॉवेल सोडवलेला, खोकं फाडलेलं. गार्ड निसीमच्या खुर्चीत, खाली नाही, वर, मुटकुळं करून. त्याने डोळे उघडले. सावकाश उतरला, आधी पुढून आळस दिला, मग मागून. माझ्याजवळ आला.

मी बोटं खाली केली. त्याने हुंगली. फार वेळ हुंगली, त्या गटाराच्या झाकणासारखी, जणू त्यात पुष्कळ काही होतं. मग चाटली.

चार वाजून गेल्यावर दिपा वर आली. गालावर उशीच्या सुरकुत्या.

"सुरुवातीला ओरडला, आंटी. बरंच. मी उठून बसले, म्हटलं झालं. मग थांबला. मग मला झोप कधी लागली माहीत नाही."

"म्हणजे ओरडलाच. कुंदन किती वाजता येतोय?"

"त्याला नको सांगितलं. म्हटलं दुसरा बघ."

"मी शब्द दिला होता."

"मला दिला होतात ना? मग मी बघेन त्याचं काय करायचं ते." पिशवी दाराआड होती, ती तिला दिसली. उचलून तिने गार्डची वाटी बाहेर काढली, फरशीवर ठेवली. "पण आंटी, परत सुरू झालं तर मी परत वर येणार. भांडायला."

"ये," मी म्हटलं. "चहा ठेवीन."

ती गेली. गार्ड परत खुर्चीवर चढला, मी उतरवलं नाही. सकाळी पुन्हा बाहेर जाऊन यायचं आहे, आजच्यापेक्षा थोडं लांब. जमेल असं नाही.

दुपारपासून हात धुवायचे राहिले आहेत.